निवृत्त विश्वस्तांचे ऋण
(वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



रत्नागिरी जिल्ह्यातील आपल्या मूळ गावची देवराई जतन करणाऱ्या छोट्याशा विश्वस्त संस्थेचे अध्यक्ष, खजिनदार आणि चिटणीस बारा वर्षांच्या सेवेनंतर यंदा निवृत्त होत आहेत. तिघेही आपल्याच ज्ञातीचे. म्हणून त्यांचे आभार या संमेलनात मानावेत आणि ते काम आम्ही करावे, असे कार्यकारी मंडळाने ठरविले. शाल-श्रीफळ नको आणि नामोल्लेखही नको, अशी तिघांची अट आहे. ती आम्ही पाळू. मात्र त्यांनी काय केले हे सांगू नये, अशी अट त्यांनी घातलेली नाही. त्या सवलतीचा आम्ही पुरेपूर लाभ घेणार आहोत.

देवराई म्हणजे देवाच्या नावाने राखलेले रान. आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळी देवाचा कौल घेतल्यावाचून तेथील वाळकी काडीही कोणी घरी नेत नसे. पुण्याचे वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी १९७० च्या दशकात अशा राखीव रानांवर अभ्यासपूर्ण लेख प्रसिद्ध केला, तेव्हा विद्वानांचे तिकडे लक्ष वळले. गावाला मात्र त्या रानाचे मोल पायथ्याच्या झऱ्यावरून आधीच ठाऊक होते.

आता एक कबुली देणे अगत्याचे आहे. २०१६ साली पौष महिन्यात देवळाच्या जीर्णोद्धाराची सभा भरली होती. एक उदार देणगीदार सभामंडप बांधून देण्यास सिद्ध होते. अडचण एकच, मंडपाच्या जागेत एक जुनाट बेहडा उभा होता. झाड आतून पोकळ झालेले. ‘आज ना उद्या पडणारच, मग आजच तोडून टाका,’ असे त्या सभेत उठून कोणी सांगितले असेल, तर ते आम्हीच. सभेने टाळ्या वाजविल्या. अध्यक्षांनी वाद घातला नाही. ‘गुरुजी, शिमग्यापर्यंत थांबू या,’ एवढेच ते म्हणाले.

शिमग्याला गावी गेलो, तेव्हा एका पहाटे त्यांनी आम्हांस त्या बेहड्याखाली नेऊन बसविले. तासभर काहीच घडले नाही. मग पंखांचा मोठा आवाज झाला आणि एक धनेश पक्षी खोडाला येऊन बिलगला. ढोलीचे तोंड लिंपलेले होते. मध्ये जेमतेम चोच मावेल एवढी फट. आत मादीने अंड्यांसाठी स्वतःस कोंडून घेतले होते आणि नर एकेक फळ त्या फटीतून तिला भरवीत होता. या पक्ष्याला स्वतः ढोली कोरता येत नाही. जुन्या वृक्षाची आयती पोकळी मिळाली तरच त्याचा संसार. आम्ही इतकी वर्षे मुलांकडून ‘झाडे लावा’ हा निबंध लिहून घेतला. जुने झाड उभे राहू द्या, हा धडा काही आम्ही दिला नव्हता. तो त्या सकाळी आम्हांस मिळाला.

झाड राहिले, देणगी गेली. काही घरांनी अध्यक्षांशी बोलणे सोडले. पुढची दोन वर्षे गळक्या छपराखाली उत्सव झाले आणि त्याचे बोल त्यांनी निमूटपणे ऐकून घेतले. आमचे चुकले होते. पण शिव्या त्यांच्या वाट्याला आल्या. हे ऋण जाहीरपणे मान्य करण्यास आम्ही नऊ वर्षे लावली, याचा आम्हांस खेद वाटतो.

चिटणीस भगिनींनी तर फुकट मिळालेली रोपेही परत पाठविली. ती होती ऑस्ट्रेलियन बाभळीची. झपाट्याने वाढणारी, पण या रानाच्या गोतातली नव्हेत. त्यांनी शाळेच्या मुलांना घेऊन देवराईतल्याच सातवीण, किंजळ, बेहडा यांचे बी गोळा केले आणि वाफे केले. खजिनदारांनी दहा रुपयांचीही पावती फाडली आणि दरसाल हिशेब तपासून वेळेवर सादर केला. १९५० च्या विश्वस्त कायद्यानुसार विश्वस्त बदलले की त्याची खबर नव्वद दिवसांच्या आत धर्मादाय कार्यालयास द्यावी लागते. स्वतःच्या निवृत्तीचा तो अर्जही त्यांनी आधीच लिहून ठेवला आहे! अशा कामाचे छायाचित्र निघत नाही. परंतु संस्था उभी राहते ती त्यावरच.

तिघांच्या रिकाम्या जागी आता गावातीलच तिघेजण येत आहेत. त्यांत आपल्या ज्ञातीचे कोणी नाही. ‘संस्था आपल्या हातून गेली,’ अशी कुजबुज या मंडपातही आमच्या कानी आली. बंधूंनो, ती आपल्या हातात होती केव्हा? पूजा करणारे गुरव, गुरे राखणारे धनगर, चैत्रातला वणवा ओल्या फांद्यांनी झोडपून विझविणारी वाडीवरची पोरे, या सर्वांची ती देवराई आहे. आपण मुंबई-पुण्याचे लोक वर्षातून दोनदा जाणार. ती राखणार ते. या तिघांस आणखी राहण्याचा आग्रह झाला होता. तो नाकारून त्यांनी जागा मोकळी केली, हीच त्यांची शेवटची आणि आमच्या मते सर्वांत मोठी सेवा होय.

आभाराचे शब्द त्यांना नको आहेत. म्हणून आमची विनंती आपणांस आहे. शिमग्याआधी देवराईभोवती जाळरेषा काढावी लागते. यंदा प्रत्येक कुटुंबातून एकाने तरी एक दिवस त्या कामास द्यावा आणि नव्या विश्वस्तांच्या हाताखाली काम करावे. आम्ही जाणार आहोत. बेहडा अजून उभा आहे. येणाऱ्यांस तो आम्ही स्वतः दाखवू.

तिघांस उदंड आयुरारोग्य लाभो, अशी ग्रामदेवतेच्या चरणी प्रार्थना करून आम्ही आपली रजा घेतो.