मन खचते तेव्हा
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



यंदा मी काहीतरी बोलावे असा चिटणीसबाईंचा आग्रह पडला, आणि विषयही त्यांनीच सुचविला. मन उदास होते, खचते, आणि श्रद्धेच्या आधाराने माणूस त्यातून कसा उठतो, यावर तुम्ही बोला, असे त्या म्हणाल्या. मी ख्रिस्ती आहे हे आपणा सर्वांना ठाऊक आहे. नाताळातल्या करंज्या आणि दिवाळीतला चिवडा आपल्या दारादारांतून इकडून तिकडे जातच असतात. तेव्हा मी माझ्या शास्त्रातले बोलले तरी ते परके वाटणार नाही, असा भरवसा आहे.

पहिल्याने एक गोष्ट स्पष्ट करते. सणाला माहेरी जाता आले नाही, धाकट्याने उलट उत्तर दिले, म्हणून दोन दिवस वाईट वाटते, ती उदासी वेगळी. ती येते तशी जाते. मी बोलणार आहे ती उदासी दोन दिवसांत जात नाही. आठवडेच्या आठवडे ती उरावर बसते. पहाटे तीनला डोळा उघडतो तो पुन्हा लागत नाही. अन्न गोड लागत नाही. केस विंचरणेसुद्धा डोंगराएवढे काम वाटते. लेकरू समोर हसत असते आणि आईला काहीच वाटत नाही. याला आपल्याकडे नावे मात्र पुष्कळ आहेत. कोणी म्हणते बाहेरची बाधा, कोणी म्हणते कामाचा कंटाळा, कोणी म्हणते नखरे. डॉक्टर याला आजार म्हणतात, आणि तेच खरे आहे.

माझ्यावरही ही पाळी आली होती. माझे तिसरे मूल आठ दिवसांचे होऊन गेले. त्यानंतर सहा महिने मी घरात होते, पण नसल्यासारखीच. घरधनी एमआयडीसीत तिन्ही पाळ्यांत जाणारे. आले की मुलांचे बघायचे, चुलीचे बघायचे, आणि माझ्या तोंडाकडे बघत बसायचे. भेटायला येणाऱ्या बाया म्हणत, "अगं, देवाची इच्छा. दोन आहेत ना? रडू नकोस." त्यांचा हेतू चांगलाच होता. पण रडू नको म्हटल्याने रडू थांबत नाही, ते आत मुरते. एकीने तर विचारले, "तुम्ही एवढी प्रार्थना करता, मग तुम्हाला असे कसे झाले?" त्या प्रश्नाला त्या वेळी माझ्याजवळ उत्तर नव्हते. आज आहे, आणि तेच सांगायला मी उभी आहे.

आमच्या आत्याबाई, म्हणजे सासूबाई, फार बोलणाऱ्या नव्हत्या. रोज दिवेलागणीला त्या माझ्या अंथरुणाशेजारी बसत आणि एक स्तोत्र वाचीत. वाचून झाले की पुस्तक मिटून भाकरी थापायला जात. उपदेश नाही, प्रश्न नाही. बायबलात दीडशे स्तोत्रे आहेत. मला वाटे, देवाच्या पुस्तकात सगळी स्तुतीच असणार. पण ऐकता ऐकता ध्यानात आले की त्यांतली कितीतरी स्तोत्रे म्हणजे नुसते रडगाणे आहे. देवा, तू कुठे आहेस, तू मला विसरलास का, माझे अश्रू हेच माझे अन्न झाले, अशा अर्थाचे बोल त्यांत आहेत. ८८ वे स्तोत्र तर शेवटपर्यंत अंधारातच राहते. त्याच्या शेवटीही उजेड येत नाही. तरीही ते देवाच्या पुस्तकात आहे, कोणी काढून टाकले नाही. त्या संध्याकाळी मला प्रथमच वाटले की माझ्या रडण्याला देवाच्या घरात जागा आहे. मी श्रद्धेतून बाहेर पडलेली नाही.

आता एलीया संदेष्ट्याची गोष्ट ऐका. हा मोठा शूर पुरुष. राजापुढे न भिता बोलणारा. पण ईजबेल राणीने जीव घेण्याची धमकी दिली, आणि हा रानात पळाला. एका झुडपाखाली बसून देवाला म्हणाला की आता पुरे झाले, माझा प्राण ने. भगिनींनो, देवाने त्याला काय केले? रागावला का? 'तुझी श्रद्धा कुठे गेली' म्हणून विचारले का? नाही. देवाने त्याला झोपू दिले. मग दूताने त्याला हात लावून उठविले. उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचे भांडे होते. तो जेवला आणि पुन्हा झोपला. दुसऱ्यांदा उठविले, पुन्हा खाऊ घातले. वाट लांबची आहे, म्हणून आधी खा. बोलणे झाले ते पुढे, चाळीस दिवस चालून होरेब डोंगरावर पोचल्यावर. तेही वाऱ्यात, भूकंपात, अग्नीत नाही, तर अगदी हळू वाणीने. मग देवाने त्याला काम दिले आणि अलीशा नावाचा सोबती दिला. आधी झोप, आधी भाकर, मग हळू बोलणे, मग काम आणि सोबत. हा क्रम आपण बायकांनी पदरात गाठ मारून ठेवण्यासारखा आहे.

दुसरी गोष्ट हन्नेची. तिला मूल नव्हते आणि सवत टोचून बोले. ती जेवेना, नुसती रडे. नवरा प्रेमळ, पण त्यालाही तिचे दुःख कळेना. तो म्हणे, मी तुला दहा मुलांपेक्षा जास्त नाही का? ती शिलोच्या मंदिरात गेली आणि मनातल्या मनात प्रार्थना करू लागली. ओठ हलत होते, आवाज नव्हता. एली याजकाला वाटले, बाई दारू पिऊन आली आहे. खुद्द याजकाला दुःखी बाई ओळखता आली नाही! पण तिने नम्रपणे सांगितले की मी प्यायलेली नाही, मी माझे मन देवापुढे ओतते आहे. मग त्याने तिला आशीर्वाद दिला. ती घरी जाऊन जेवली आणि तिचा चेहरा पूर्वीसारखा उतरलेला राहिला नाही. यातली खूण अशी की मूल व्हायला अजून पुष्कळ अवकाश होता. मागितलेले मिळण्याआधीच तिचे मन हलके झाले होते.

ही जुनी उदाहरणे झाली. आपल्या महाराष्ट्रातले घ्या. लक्ष्मीबाई टिळकांचा जन्म १८६८ सालचा, नाशिकजवळच्या जलालपूरचा. कवी नारायण वामन टिळक हे त्यांचे यजमान. १० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. ती बातमी कानी आली तेव्हा लक्ष्मीबाईंवर आकाशच कोसळले. पदरी लहान दत्तू, नवरा जिवंत असून दूर, आणि समाज वाळीत टाकायला टपलेला. पंढरपुरास बहिणीच्या आश्रयाला राहून त्यांनी जे दिवस काढले, ते त्यांनी 'स्मृतिचित्रां'त लिहून ठेवले आहेत. दुःखाने मन ठिकाणावर राहीना. त्याच दुःखात त्या कविता रचू लागल्या. पुढे काही वर्षांनी त्या नवऱ्याकडे परतल्या, पण लगेच ख्रिस्ती झाल्या नाहीत. आपले सोवळे सांभाळून राहिल्या. वाचले, पाहिले, मनाशी वाद घातला, आणि १९०० साली स्वतःच्या पायांनी चालत ख्रिस्ताकडे आल्या. श्रद्धा म्हणजे कोणी ढकलले म्हणून पडण्याची विहीर नव्हे, हे त्यांच्या चरित्रावरून कळते. १९१९ साली टिळक गेले. त्यांचे 'ख्रिस्तायन' अपुरे राहिले होते. जिला धड शाळा मिळाली नव्हती त्या बाईने ते हाती घेतले आणि पुरे केले. दुःखाला त्यांनी काम दिले.

पंडिता रमाबाईंचेही तसेच. आईबाप दुष्काळात गेले, भाऊ गेला, लग्नाला दोन वर्षे होतात न होतात तोच नवरा गेला. केडगावच्या मुक्तिसदनात त्यांनी हजारो अनाथ मुली आणि बाया सांभाळल्या. उतारवयात साध्या बाईला कळेल अशा मराठीत त्या मूळ भाषांवरून बायबलाचे भाषांतर करीत होत्या. १९२१ साली एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. रमाबाईंची तब्येत ढासळली होती, पण काम खाली ठेवले नाही. ते पुरे करूनच ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांनी डोळे मिटले.

आता हे ऐकून कोणाला वाटेल, की मग औषधाचे काय काम? नुसती प्रार्थना पुरे. बायांनो, असे समजू नका. आमच्या पाळकसाहेबांनीच घरी येऊन सांगितले, "प्रार्थना मी करतो, पण उद्या हिला डॉक्टरांना दाखवा." आपल्या शेजारी मिरजेत डॉक्टर विल्यम वानलेस यांनी १८९४ साली दवाखाना उघडला. त्यांच्यावरूनच वानलेसवाडी हे नाव पडले. ते मिशनरी होते. रोग्यासाठी गुडघे टेकायचे आणि मग हातात शस्त्रही घ्यायचे, अशी ती परंपरा. ज्या भागात अशी माणसे होऊन गेली, त्या भागात श्रद्धेला औषधाचे वावडे कसे असेल?

मला गोळ्या दिल्या. पहिले तीन आठवडे काही फरक नाही. मी म्हटले, यात काही अर्थ नाही. आत्याबाई म्हणाल्या, "पेरले की दुसऱ्या दिवशी कणीस धरतं का?" महिन्याने झोप लागू लागली. एके सकाळी चहाला चव आली. चहा गोड लागला म्हणून मी देवाचे आभार मानले, इतकी ती गोष्ट मोठी वाटली. पुढेही डॉक्टरांनी सांगेपर्यंत गोळ्या मनाने बंद केल्या नाहीत. स्तोत्रही चुकविले नाही. गोळीने पायात बळ आले, आणि त्या पायांनी कुठे जायचे ते शास्त्राने दाखविले. तुम्ही प्रार्थना करूनही असे कसे, या प्रश्नाचे माझे उत्तर हेच. प्रार्थना करणाऱ्याला ताप येतो तसे त्याचे मनही आजारी पडते. खुद्द प्रभू येशू गेथशेमाने बागेत मरणप्राय दुःखी झाला होता, आणि त्याने आपल्या सोबत्यांना काय मागितले? माझ्याबरोबर जागे राहा, एवढेच.

मी कोणाला आपला धर्म सोडा म्हणत नाही. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असे टिळक स्वतः म्हणत. तुकोबांनीही दुष्काळात बायको गमावली, आणि मनातले सारे विठ्ठलापुढे मांडले. ज्या घरी जे स्तोत्र, जो अभंग, जो दुवा असेल तो असो. पण उदास बाईशेजारी बसून तो म्हणणारे कोणीतरी हवे, एवढेच माझे म्हणणे.

म्हणून मंडळापुढे माझ्या चार सूचना आहेत. एक, एखादी भगिनी दोन आठवडे दिसली नाही, तर तिच्या घरी जावे. जाताना डब्यात गरम भाकरी न्यावी, उपदेश नेऊ नये. दुसरे, तिचे ऐकावे आणि ऐकलेले नळावर बोलू नये. तिसरे, तिला डॉक्टरकडे न्यायला सोबत जावे. एकटीने ती जाणार नाही. चौथे, सर्वांत महत्त्वाचे. कोणी जीव नकोसा झाल्याचे बोलली, तर ते हसण्यावारी नेऊ नये आणि तिला एकटी सोडू नये. सरकारने २०२२ साली टेलिमानस म्हणून फोनची सोय केली आहे. १४४१६ या क्रमांकावर रात्री-अपरात्री फुकट बोलता येते, आपल्या भाषेत बोलता येते. पोलिसांचे लचांड लागेल म्हणून घरचे लोक लपवितात. पण २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने जीव देऊ पाहणारा माणूस भारी ताणाखाली होता असेच धरावे, त्याला शिक्षा न करता त्याची काळजी घ्यावी, असे ठरविले आहे. देवाने एलीयाला शिक्षा केली नाही, भाकर दिली. कायदा आता कुठे तिथवर आला.

आपल्या गल्लीत दर पाच घरांमागे एका बाईने हे काम अंगावर घ्यावे. मी माझी पाच घरे घेतली आहेत. बाकीच्यांनी आपली नावे सभा संपल्यावर चिटणीसबाईंकडे द्यावीत, अशी विनंती करून मी आपली रजा घेते.