बाळाआधी फँटम
(मंडळाच्या गणेशोत्सव व्याख्यानमालेत केलेले भाषण)



आम्ही सरकारी रुग्णालयातले क्ष-किरण तंत्रज्ञ. डिप्लोमा झाल्यापासून सीटी स्कॅनच्या खोलीतच आहोत. आज ‘फँटम’विषयी बोलायचे आहे. घाबरू नका, हे भूत नव्हे! मशीन बरोबर चालते का हे पाहण्यासाठी रुग्णाच्या जागी जी वस्तू ठेवतात, तिला फँटम म्हणतात.

सीटीच्या मापात पाणी ० आणि हवा उणे १०००. या मापाला हाउन्सफील्ड यांचे नाव आहे. त्यांना १९७९ साली कॉरमॅक यांच्यासह नोबेल मिळाले. पाण्याचे फँटम ठेवायचे आणि आकडा ० च्या आसपास आला की कामाला लागायचे, असा आमचा शिरस्ता.

पण आमचे फँटम मोठ्या माणसाच्या डोक्याएवढे. बाळाचे डोके लहान, किरण त्यातून सहज पार होतात. मग किरण मोठ्यांइतके कशाला? ते किती कमी करावेत, याचा प्रयोग बाळावर तर करता येत नाही.

म्हणून आम्ही थ्री-डी प्रिंटर धरला. शाडूच्या मूर्तीला अनेकदा साचा वापरतात, इथे साचाच नाही. प्लास्टिकची तार वितळते आणि ०.२ मिलिमीटरचे थर एकावर एक चढतात. आतले भरण कमी ठेवले की हवा जास्त राहते आणि सीटीचा आकडा खाली येतो. त्यामुळे एकाच प्लास्टिकचे कमी-जास्त घनतेचे तुकडे करता येतात.

आमचे पहिले भांडे गळले. थरांच्या फटींतून पाणी झिरपले आणि चित्रात हवेचे काळे ठिपके आले. मग भिंत जाड केली, वरून इपॉक्सी लावले आणि आत बारीक तुकडे बसवले. किरण निम्मे केले की चित्रातली खरखर सुमारे १.४ पट वाढते. तशी ती वाढलीच. पण तुकडे ओळखू येत होते. ही चित्रे आम्ही रेडिओलॉजिस्ट आणि भौतिकतज्ज्ञांपुढे ठेवली. बाळांसाठीचे प्रमाण ठरवले ते त्यांनी. आम्ही फक्त भांडे केले. अधिकृत तपासणीची जागा असे भांडे घेत नाही, हेही सांगायला हवे.

मंडळी, डॉक्टरांनी सांगितलेला सीटी भीतीपोटी टाळू नका. पण नातवंडाला घेऊन गेलात, तर तंत्रज्ञाला एवढे जरूर विचारा, “लहान मुलांचे सेटिंग लावले आहे ना?” आम्हाला राग येणार नाही. उलट, आमचेही लक्ष राहील.

गणपती बाप्पा मोरया!