औषधाला न जुमानणारी सूज



आम्ही डॉक्टर नव्हे. युनियनच्या कचेरीत वर्गणीच्या पावत्यांबरोबर लोक दवाखान्याचे कागदही आणून टाकतात. ते लावून देता देता जे विचारले, वाचले, तेवढेच आज सांगणार आहोत.

दोन-चार वर्षांचे पोर सकाळी उठते तेव्हा डोळ्यांच्या पापण्या सुजलेल्या असतात. घरात म्हणतात, बाळसे धरले. शेजारीण म्हणते, दृष्ट लागली. मग पाय आणि पोट सुजते, लघवीला फेस येतो. एकेका मूत्रपिंडात सुमारे दहा लाख बारीक गाळण्या असतात. त्यांची वीण सैल होते आणि रक्तातले अल्ब्युमिन हे प्रथिन लघवीवाटे वाहून जाते. यालाच नेफ्रोटिक सिंड्रोम म्हणतात. प्रेडनिसोलोन नावाची स्वस्त गोळी बहुतेक मुलांना लागू पडते; महिन्याभरात लघवी स्वच्छ होते. आजार पुनःपुन्हा उलटतो, पण गोळीला वश असतो.

आमचा विषय उरलेल्या मुलांचा, साधारण दहातल्या एकाचा. भारतीय बाल-मूत्रपिंडतज्ज्ञांच्या 2021 सालच्या मार्गदर्शनाप्रमाणे, पूर्ण मात्रेत रोज सहा आठवडे गोळी देऊनही लघवीतले प्रथिन थांबले नाही, तर आजार स्टेरॉइडला दाद देत नाही असे धरतात. यात 'पूर्ण' आणि 'रोज' हे दोन शब्द आम्हाला फार महत्त्वाचे वाटतात.

एका कंत्राटी हमालाच्या मुलाच्या कागदावर 'दाद नाही' असा शेरा होता. कचेरीत गोळ्या मोजल्या, तर निम्म्याहून अधिक शिल्लक! बाप रात्रपाळीला, आई धुण्याभांड्यांना, आणि गोळीने नातवाचे तोंड फुगते म्हणून आजी अर्धीच देत होती. आजीचे निरीक्षण खरे होते. गोळीने तोंड फुगतेच. पण ती मनाने कमी करणे वा एकदम तोडणे धोक्याचे. गोळी नीट सुरू झाल्यावर तिसऱ्या आठवड्यात लघवी स्वच्छ झाली. तेव्हा शेरा मारण्याआधी गोळ्या मोजाव्यात, आणि क्षय किंवा लघवीचा जंतुसंसर्ग कुठे लपलेला नाही ना, हेही पाहावे.

खरोखरच दाद नसेल तर बायॉप्सी करतात. 'किडनी काढून घेतात' ही भीती आमच्या वस्त्यांत फार आहे, म्हणून स्पष्ट सांगतो: सोनोग्राफीत पाहून सुईने दोऱ्याएवढे एक-दोन तुकडे घेतात, इतकेच. गाळण्यांवर वण पडलेत का, हे त्यातून कळते.

आता जनुकांची तपासणीही होते. पोडोसिन या प्रथिनाच्या जनुकाचा शोध 2000 साली लागला. त्यातला दोष आईबापांकडून एकेक प्रत मिळून उतरतो. दोघेही धडधाकट असतात. मामाची मुलगी करण्याची आपल्याकडे रीत आहे, तिथे असा योग अधिक संभवतो. पण सासरी बोल एकट्या सुनेला लावतात, तो शास्त्राला धरून नाही. असा दोष सापडला, तर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे वर्षानुवर्षे देण्यात बहुधा अर्थ नसतो. मुलाचा तेवढा छळ वाचतो.

दोष नसेल तर टॅक्रोलिमस वा सायक्लोस्पोरिन देतात. फरक पाहायला सहा महिने तरी लागतात. ही औषधे मूत्रपिंडालाच इजा करू शकतात, म्हणून वरचेवर रक्त तपासावे लागते. जोडीला एनालाप्रिल देतात; लोणचे, पापड, फरसाण बंद. जिवंत जंतूंची लस विचारल्याशिवाय टोचू नये. ताप किंवा पोटदुखी आली तर सकाळची वाट पाहू नये; जंतू आणि रक्ताच्या गुठळ्या या मुलांना लवकर गाठतात. इतके करूनही काहींची मूत्रपिंडे निकामी होतात. मग डायलिसिस, पुढे रोपण. आणि आजार जनुकाचा नसेल, तर तो नव्या मूत्रपिंडातही उलटू शकतो.

घरी एक वही ठेवावी. सकाळची लघवी काचेच्या नळीत तापवली तर प्रथिन अंड्याच्या पांढऱ्यासारखे गोठते. हल्ली रंग बदलणारी पट्टीही मिळते. रोजची नोंद आणि वजन लिहावे. ही वही डॉक्टरला आमच्या दहा अर्जांपेक्षा अधिक सांगते.

परंतु वारंवार दवाखाना म्हणजे वारंवार खाडा. राज्य विमा योजनेत कामगाराच्या मुलाला औषधोपचार मिळतो. आजारपणाचा भत्ता मात्र कामगार स्वतः आजारी पडला तरच. मुलाला तपासणीस नेणाऱ्या बापाचा रोज बुडतो, कंत्राटी असेल तर कामही जाते. म्हणून आमच्या मागणीपत्रात बोनसच्या वर आम्ही एक कलम घातले आहे: आजारी मुलाच्या तपासणीसाठी भरपगारी रजा, कंत्राटी कामगारालाही. मालकांचे उत्तर अजून यायचे आहे.