ऐकलेले परत म्हणा
(गणेशोत्सवातील भाषणाचा मजकूर)



दरवर्षी मी इथे रुळांविषयी बोलतो. आज समुद्रावरच्या हेलिकॉप्टरविषयी बोलणार आहे. कारण माझा भाचा. डिप्लोमा करून तो स्कॉटलंडला, ॲबर्डीनला नोकरीला गेला. तिथून उत्तर समुद्रातल्या तेल-फलाटांवर माणसांची ने-आण हेलिकॉप्टरने होते. फलाटावरून वैमानिकाशी रेडिओवर बोलायचे तर ब्रिटनच्या नागरी विमान वाहतूक प्राधिकरणाचे प्रमाणपत्र लागते. लेखी परीक्षा, मग परीक्षकासमोर प्रात्यक्षिक. त्याचा सराव आम्ही फोनवर केला. मामा वैमानिक, भाचा ऑपरेटर!

मला वाटले, यंत्राचे ज्ञान विचारत असतील. पण खरा कस बोलण्या-ऐकण्याचा. आकडे सुटे म्हणायचे. २७० म्हणजे ‘टू सेव्हन झीरो’. पाचाला ‘फाइफ’, नवाला ‘नायनर’, म्हणजे खरखरीत गल्लत होत नाही. वारा, ढगांची उंची, हवेचा दाब सांगायचा. ‘उतरा’ असे मात्र म्हणायचे नाही. ऑपरेटर माहिती देतो, निर्णय वैमानिकाचा.

दाब ९९२ हेक्टोपास्कल असताना वैमानिकाने १००२ लावला, तर उंचीमापक सुमारे ३०० फूट जास्त दाखवतो. भोवती ढग, खाली समुद्र! म्हणून वैमानिक आकडा परत म्हणतो आणि ऑपरेटरने तो कान देऊन ऐकायचा. चुकला तर लगेच ‘निगेटिव्ह’ म्हणून योग्य आकडा सांगायचा.

एकदा मी मुद्दाम चुकीचा आकडा म्हटला. भाचा घाईत ‘बरोबर’ म्हणाला. तेव्हा त्याला माझी गोष्ट सांगितली.

नोकरीच्या सुरुवातीला रात्री फोन आला, रूळ खचलाय, किलोमीटर ‘उनसठ’. मी ‘उनहत्तर’ ऐकले, परत विचारले नाही आणि गँग घेऊन दहा किलोमीटर भलतीकडे गेलो. स्टेशनमास्तरांनी गाड्या आधीच रोखल्या होत्या म्हणून निभावले. स्टेशनमास्तर लाइन क्लिअरसाठी प्रायव्हेट नंबर देतात-घेतात, लिहून ठेवतात, हे मी रोज पाहत होतो. पण ती सवय माझ्या अंगी नव्हती.

भाचा पुढे पास झाला. तरीही त्या फलाटावरचे काम त्याला जमते, असे कंपनीने लिहून दिल्यावरच त्याच्या हाती रेडिओ आला.

आपण घरी मराठी, कामावर हिंदी, साहेबांशी इंग्रजी बोलतो. आकडा तीन भाषांतून फिरतो. तेव्हा तरुण मित्रांनो, परत विचारण्यात कमीपणा मानू नका.

गणपती बाप्पा मोरया!