कारखान्याचे तुकडे, कामगारांची फाळणी



मोटार कारखान्यातील कामगाराची शक्ती कोठे असते, असे विचारताच बहुतेकांच्या नजरेसमोर जुळणीचा विभाग उभा राहतो. अमेरिकेतील फ्लिंट शहराचा अनुभव वेगळा आहे. १९९८ च्या जूनमध्ये तेथील जनरल मोटर्सच्या सुटे भाग बनविणाऱ्या दोन कारखान्यांतील सुमारे ९,२०० कामगार संपावर गेले. संप ५४ दिवस चालला आणि कंपनीचे उत्तर अमेरिकेतील जवळजवळ सारे जुळणी कारखाने बंद पडले. भाग आले नाहीत, की गाडी बाहेर पडत नाही.

संप मिटताच काही दिवसांत कंपनीने डेल्फी हा आपला सुट्या भागांचा विभाग वेगळा काढण्याचा निर्णय जाहीर केला. १९९९ मध्ये तो अमलात आला. यंत्रे तीच, माणसे तीच, युनायटेड ऑटो वर्कर्स ही संघटनाही तीच. फक्त मालक दोन झाले आणि वाटाघाटींचीही वाटणी झाली.

८ ऑक्टोबर २००५ रोजी डेल्फीने दिवाळखोरीचा अर्ज केला. अर्जाच्या तोंडावर वरिष्ठ अधिकाऱ्यांची सेवासमाप्तीची भरपाई वाढविण्यात आली. कामगारांनी मात्र ताशी सुमारे २७ डॉलरचे वेतन निम्म्याहून कमी करून घ्यावे, अशी मागणी झाली. मार्च २००६ मध्ये तर सामूहिक करारच रद्द करू द्यावा, असे कंपनीने न्यायालयाला सांगितले. तेथील दिवाळखोरी कायद्यात तशी सोय आहे. एका पक्षाच्या डोक्यावर अशी तलवार टांगून होणाऱ्या बोलण्यांना वाटाघाटी म्हणावे काय?

कामगारांनी प्रचंड बहुमताने संपाचा अधिकार संघटनेला दिला. संप झाला नाही. जून २००७ च्या करारानुसार उत्पादन कामगारांचे वेतन ताशी १४ ते १८.५० डॉलरवर आले. बहुतेक कारखाने विकणे वा बंद करणे मान्य झाले. हजारो जुने कामगार रक्कम घेऊन बाहेर पडले. नेतृत्वाला भित्रे ठरविणे सोपे आहे, पण तेवढ्याने उलगडा होत नाही. त्या वेळी जनरल मोटर्स स्वतःच प्रचंड तोट्यात होती. लढाई २००७ मध्ये हरली नाही. १९९९ मध्ये उद्योगाचे तुकडे निमूटपणे होऊ दिले, तेव्हाच ती हरली. भरपाई घेऊन माणूस जातो. त्याची जागा मात्र त्याच्या मुलासाठी उरत नाही.

पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या परिसरात एका गाडीचे भाग अनेक लहानमोठ्या कारखान्यांत, पुष्कळदा कंत्राटी हातांनी तयार होतात. कामगारकपातीपूर्वी सरकारची परवानगी घेण्याचे बंधन पूर्वी १०० कामगारांच्या कारखान्यालाही होते. २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेने ही मर्यादा ३०० वर नेली. जितके तुकडे लहान, तितका कायदा दूर.

म्हणून कार्यकर्त्यांचे काम कारखान्याच्या फाटकाशी संपत नाही. कायम आणि कंत्राटी, जुळणीचा आणि सुट्या भागांचा कामगार एका संघटनेत, एकाच मागणीपत्रावर आणला पाहिजे. मालकाने उद्योग तोडला, तरी कामगारांनी तुटता कामा नये.