गाव सोडून गेलेला क्रीडा वार्ताहर



मी संगणक अभियंता आहे. पत्रकारितेचे शिक्षण मी घेतलेले नाही. तरीही आज अमेरिकेतल्या स्थानिक वर्तमानपत्रांच्या क्रीडा वार्ताहरांबद्दल बोलणार आहे. हे वार्ताहर गावचे वर्तमानपत्र सोडून राष्ट्रीय माध्यमांत गेले, त्यात आमच्या सॉफ्टवेअर क्षेत्राचा मोठा हात आहे. आणि त्यामुळे तिथे निर्माण झालेला प्रश्न आपल्या जिल्ह्यांनाही लागू पडतो.

आधी तिथली रीत समजून घेऊ. अमेरिकेत वर्तमानपत्र मुख्यतः त्या त्या शहराचे असते. शहरातल्या व्यावसायिक संघासाठी एक वार्ताहर नेमलेला असायचा. सरावाला हजर, सामन्याला हजर, परगावच्या दौऱ्यातही संघाबरोबर. दुसरे कोणी शाळांचे सामने पाहायचे. पोराचे नाव पेपरात आले की आई ते कात्रण जपून ठेवायची. आपल्याकडेही हेच होते.

एड्रियन वोज्नारोव्स्की हे न्यू जर्सीतल्या 'द रेकॉर्ड' या वर्तमानपत्रात स्तंभलेखक होते. जर्सी सिटीतल्या सेंट अँथनी या छोट्या शाळेच्या बास्केटबॉल संघाबरोबर एक हंगाम काढून त्यांनी पुस्तक लिहिले. ते २००५ मध्ये आले. पुढे ते 'याहू'मध्ये गेले आणि २०१७ मध्ये 'ईएसपीएन' या मोठ्या क्रीडा वाहिनीत. तिथे त्यांची ख्याती कशासाठी झाली? कोणता खेळाडू कोणत्या संघात जाणार, हे सर्वांच्या आधी सांगण्यासाठी. त्याच २०१७ साली पैशांअभावी सेंट अँथनी शाळा बंद पडली. या दोन गोष्टींचा परस्परांशी संबंध नाही, हे मी मुद्दाम सांगतो. पण अशा शाळेसोबत अख्खा हंगाम काढणारा लेखक आता कोणते वर्तमानपत्र पोसणार, हा प्रश्न राहतोच.

आता आमच्या क्षेत्राकडे येतो. ॲलेक्स मॅथर आणि ॲडम हॅन्समन हे दोघे 'स्ट्राव्हा' या व्यायामाच्या ॲपच्या कंपनीत काम करत होते. त्यांनी २०१६ मध्ये शिकागोतून 'द ॲथलेटिक' सुरू केले. जाहिराती नाहीत, वाचकाने वर्गणी भरायची. प्रत्येक शहरातला नावाजलेला क्रीडा वार्ताहर गाठायचा, जास्त पगार द्यायचा आणि त्याच्या मागे त्याचे वाचक आणायचे. सॅन होजेच्या 'मर्क्युरी न्यूज'मध्ये अनेक वर्षे लिहिणारे टिम कावाकामी २०१७ मध्ये तिकडे गेले. २०१९ मध्ये हीच पद्धत इंग्लंडमध्ये आली. लीड्स युनायटेडचे वार्तांकन करणारे फिल हे 'यॉर्कशायर इव्हिनिंग पोस्ट' सोडून गेले. २०१७ मध्येच मॅथर यांनी 'न्यूयॉर्क टाइम्स'ला उघड सांगितले होते, की स्थानिक वर्तमानपत्रे रक्त गळून संपेपर्यंत आम्ही वाट पाहू. नंतर त्यांनी या भाषेबद्दल माफीही मागितली.

गेलेल्या वार्ताहरांना कोणी गद्दार म्हणू नये. या सभागृहातले निम्मे लोक पगारासाठीच गाव सोडून पुण्या-मुंबईला आलेले असतील. शिवाय ते घर आधीच खचले होते. प्यू संशोधन केंद्राच्या आकडेवारीनुसार अमेरिकेतल्या वर्तमानपत्रांच्या संपादकीय विभागांत २००८ मध्ये सुमारे ७१ हजार माणसे होती; २०२० मध्ये सुमारे ३१ हजार उरली. छोट्या जाहिराती इंटरनेटवर गेल्या, मोठ्या जाहिराती गूगल-फेसबुककडे गेल्या. 'ॲथलेटिक'ने पुष्कळांना नोकरी कपातीच्या टांगत्या तलवारीखालून बाहेर काढले आणि तिथले लेखनही बऱ्याचदा अधिक सखोल होते.

मग नुकसान कुठे झाले? आमच्या भाषेत सांगायचे तर वर्तमानपत्र हे एक पॅकेज होते. खेळाच्या पानासाठी अंक घेणाऱ्याच्या पैशातून नगर परिषदेच्या सभेला बसणाऱ्या वार्ताहराचाही पगार निघत असे. गटाराच्या निविदेची बातमी वाचायला वेगळे पैसे कोण मोजेल? सॉफ्टवेअरवाल्यांनी पॅकेज सोडले, ज्या भागाला गिऱ्हाईक होते तो उचलला आणि बाकीचा तिथेच टाकला. क्रीडा वार्ताहर एकटा जात नाही. त्याच्यामुळे अंक घेणारे वाचकही जातात आणि त्यांच्या पैशावर चालणारी, कोणी न मागितलेली पण सर्वांना लागणारी बातमी उघड्यावर पडते.

आणि उचललेला भाग तरी सुरक्षित राहिला का? २०२२ मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'ने ५५ कोटी डॉलरना 'ॲथलेटिक' विकत घेतले. जून २०२३ मध्ये जवळपास वीस वार्ताहरांना काढले आणि प्रत्येक संघामागे एक माणूस ही पद्धत सोडून दिली. जुलैमध्ये 'टाइम्स'ने स्वतःचा क्रीडा विभागच बंद करायचे जाहीर केले. म्हणजे गावातून माणूस उचलला जातो, आणि काही वर्षांनी हिशेब सांगतो की तुमच्या गावचा संघ परवडत नाही. राष्ट्रीय कंपनीला गाव सोडणे सोपे असते, कारण ती तिथे राहत नसते.

रिकाम्या खुर्चीवर कोण बसले, तेही ऐका. ऑगस्ट २०२३ मध्ये 'गॅनेट' या कंपनीने आपल्या काही वर्तमानपत्रांत शाळांच्या सामन्यांच्या बातम्या संगणकाकडून लिहून घेतल्या. ओहायोतल्या एका फुटबॉल सामन्याच्या बातमीत संघांच्या टोपणनावांच्या जागी साच्यातल्या रिकाम्या चौकटीच छापून आल्या. जिथे मजकूर भरायचा, तिथे भरायला काहीच नव्हते. जगभर हसे झाले आणि प्रयोग थांबवावा लागला. माझ्यासारख्याला ही चूक लगेच कळते, दुरुस्तही दोन मिनिटांत होते. पण चौकट बरोबर भरली असती तरी त्या मैदानावर कोणी गेलेलेच नव्हते, त्याचे काय?

कोणी गेलेले असणे म्हणजे काय, याची दोन उदाहरणे. अमेरिकेच्या जिम्नॅस्टिक्स महासंघाचे मुख्यालय इंडियानापोलिसला आहे. ऑगस्ट २०१६ मध्ये तिथल्या 'इंडियानापोलिस स्टार'ने छापले, की प्रशिक्षकांविरुद्धच्या लैंगिक अत्याचाराच्या तक्रारी हा महासंघ दाबून ठेवतो. ती बातमी वाचून रेचल डेनहॉलँडर यांनी वर्तमानपत्राला ईमेल पाठवला. त्यातून डॉ. लॅरी नासरचे प्रकरण उघड झाले. २०१८ मध्ये दीडशेहून अधिक मुली आणि स्त्रिया न्यायालयात त्याच्यासमोर बोलल्या.

दुसरे पेनसिल्व्हेनियातले. पेन स्टेट विद्यापीठाचे माजी फुटबॉल प्रशिक्षक जेरी सँडस्की यांच्यावरील बाललैंगिक अत्याचाराच्या चौकशीची बातमी 'पेट्रियट-न्यूज'च्या सारा गॅनिम यांनी २०११ मध्ये दिली. त्या क्रीडा वार्ताहर नव्हत्या, गुन्हेवार्ता पाहत. रोज संघाबरोबर वावरणाऱ्यांच्या डोळ्यांवर कधी कधी झापडे येतात, हेही यात दिसते. म्हणून कार्यालयात क्रीडा आणि गुन्हे अशी दोन्ही टेबले लागतात. २४व्या वर्षी गॅनिम यांना पुलित्झर मिळाले. त्याच वर्षी त्या 'सीएनएन'मध्ये गेल्या आणि २०१३ पासून 'पेट्रियट-न्यूज' आठवड्यातून तीनच दिवस निघू लागले. त्यांची बढती योग्यच होती. पण त्या गावातल्या पुढच्या मुलाने दार कोणाचे ठोठवायचे?

आपल्याकडे कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवरचा पाटाकडील-प्रॅक्टिस क्लब सामना स्थानिक वर्तमानपत्रच पानभर छापते. तालुक्याच्या कबड्डी-कुस्तीची बातमी देणारा वार्ताहर अनेकदा तुटपुंज्या मानधनावर काम करतो आणि जाहिरातीही त्यालाच गोळा कराव्या लागतात. त्यातला हुशार माणूस संधी मिळताच जाईल, आणि जावे. आपल्या मुली ज्या क्रीडा प्रबोधिनीत राहतात, तिच्या वसतिगृहात काय चालते, जिल्हा क्रीडा संकुलाच्या निधीचे काय झाले, हे मग विचारणार कोण?

परत येण्याचा रस्ता असतो. कावाकामी २०२४ मध्ये 'सॅन फ्रान्सिस्को स्टँडर्ड' या स्थानिक माध्यमात परतले. पण ते माध्यम मायकेल मॉरिट्झ या अब्जाधीशाच्या पैशावर उभे आहे. प्रत्येक तालुक्याला अब्जाधीश मिळणार नाही. तिथे आपणच आहोत.

म्हणून माझी मागणी साधी आहे. आपल्या जिल्ह्यात स्वतःचा वार्ताहर पगारावर ठेवणारे एक तरी वर्तमानपत्र किंवा पोर्टल शोधा आणि त्याची वर्गणी भरा. महिन्याला ओटीटीवर जेवढे घालवतो, तेवढे तरी. आमच्यासारख्या संगणकवाल्यांनी अशा लहान माध्यमांना वर्गणीची यंत्रणा फुकट उभी करून द्यावी; ज्या हत्याराने त्यांचे वाचक गेले, तेच त्यांच्या हाती द्यावे. आणि वार्ताहराने आपल्याच तालमीविरुद्ध, आपल्याच संस्थेविरुद्ध छापले, तरी त्या महिन्यात वर्गणी बंद करू नये. आपली खरी परीक्षा तिथेच आहे.