खाऱ्या पाण्याच्या पेटीतील शेवाळ



कोंडाणे हे राजमाचीच्या पायथ्याचे गाव. तिथे उभे राहून समुद्राच्या माशांविषयी बोलावे, ह्याचे कुणाला नवल वाटेल. पण मुंबईचे तारापोरवाला मत्स्यालय १९५१ साली उघडले आणि तिथे सहलीला गेलेल्या कितीतरी मुलांनी त्या रंगीत माशांचे वेड घरी आणले. आता तर बाजारात सागरी क्षार तयार मिळतात. लिटरला सुमारे ३५ ग्रॅम मिसळले की घरबसल्या समुद्राचे पाणी तयार! साधे मीठ मात्र चालत नाही, बरं का.

पेटी मांडली की थोड्याच दिवसांत तक्रार सुरू होते. काचेवर आधी तपकिरी थर, मग दगडांवर हिरवे केस, वाळूवर तांबडा बुळबुळीत पापुद्रा. मग कुणीतरी सल्ला देतो, "चिमूटभर मोरचूद टाका." कृपा करून असे करू नका. मोरचुदातले तांबे शंखांना आणि कोळंबीला विषासारखे आहे. शिवाय मेलेले शेवाळ कुजताना पाण्यातला प्राणवायू संपवते. मासे वर येऊन धापा टाकू लागतात. नदीतला मासा दुसऱ्या डोहात जाईल. काचेतल्या माशाने जायचे कुठे?

शेवाळ हा मूळ रोग नव्हे, ती रोगाची खूण आहे. भातखाचरात खत जास्त झाले की पिकाबरोबर तणही माजते, हे तुम्हांला सांगायला नको. पेटीतही तसेच. उरलेले खाद्य आणि माशांची विष्ठा कुजून अमोनिया होतो. सूक्ष्म जंतू त्याचे नायट्राइट व पुढे नायट्रेट करतात. हे नायट्रेट आणि खाद्यातले फॉस्फेट म्हणजे शेवाळाचे खतच.

तर मग करायचं काय? खत तोडायचे. दोन मिनिटांत संपेल एवढेच खाद्य घाला. हे जंतू पेटीत स्थिरावायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर मासे सोडण्याची घाई नको. आठवड्याला दहावा हिस्सा पाणी बदला. आटलेल्या पाण्याची भर मात्र गोड्या पाण्याने करा, कारण वाफ उडते, क्षार मागेच राहतात. विहिरीच्या पाण्यात नायट्रेट आणि सिलिकेट असू शकतात. म्हणून ही भर गाळून शुद्ध केलेल्या पाण्याची हवी. पेटी खिडकीच्या उन्हात ठेवू नका. दिवा आठ तासांपेक्षा जास्त नको. शेवाळ हाताने उपटून बाहेर काढा, म्हणजे त्याने खाल्लेले खतही बाहेर जाते. तांबडा पापुद्रा खरे तर जंतूंचा असतो. तो नळीने ओढून घ्या आणि तिथे पाण्याचा प्रवाह वाढवा. शेवाळ खाणारे शंख मदत करतात, पण ते मदतनीस. घरधन्याचे काम त्यांच्यावर सोपवू नये. आणि काढलेले खारे पाणी झाडांना घालू नका, माती बिघडेल.

शिक्षक बंधुभगिनींनो, शाळेत अशी पेटी असेल तर मुलांकडून रोज खाद्याची आणि दिव्याच्या तासांची नोंद ठेवून घ्या. महिन्याभरात वहीच सांगेल, हिरवेपणा कशामुळे वाढला. मग तीच मुले गावच्या तळ्यावर जातील, तेव्हा हिरव्या पाण्याकडे पाहून पहिला प्रश्न विचारतील: ह्या पाण्यात आपण काय काय टाकतो?